किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या हाती द्यावा? : पासवर्ड मॅनेजर निवडताना

गेल्या काही व्याख्यानांत आपण विश्वास आणि ज्ञान यांच्या नात्याबद्दल बोललो. त्यानंतर श्रोत्यांकडून जे प्रश्न आले, त्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा होता आणि तो अगदी व्यवहारातला होता. "सर, इतके पासवर्ड लक्षात कसे ठेवायचे? ते पासवर्ड मॅनेजर म्हणतात ते वापरावं का? आणि वापरायचं तर कोणतं?" आता आम्ही काही संगणकतज्ज्ञ नव्हे. पण कोणावर, किती आणि कशाच्या आधारावर विश्वास ठेवायचा, हा प्रश्न आम्ही आयुष्यभर वर्गात शिकवत आलो. पासवर्ड मॅनेजर निवडणं हा त्याच प्रश्नाचा एक धडा आहे. तेव्हा आज तोच घेऊ.

आधी रोग काय तो बघू. आपल्यापैकी बहुतेकांकडे एक किंवा दोन पासवर्ड असतात आणि तेच सगळीकडे चालतात. रेल्वेचं तिकीट, विजेचं बिल, ईमेल, बँक, सगळ्या कुलपांना एकच किल्ली. २००९ साली रॉकयू नावाच्या एका अमेरिकी कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले. ते जसेच्या तसे, उघडे साठवलेले होते. त्यात सगळ्यात जास्त लोकांनी वापरलेला पासवर्ड होता १२३४५६. पण खरी गोम पुढे आहे. चोर असे पासवर्ड घेतात आणि तीच ईमेल-पासवर्डची जोडी इतर शेकडो ठिकाणी लावून बघतात. हे काम यंत्र करतं, चोराला जागरणसुद्धा करावं लागत नाही. म्हणजे एखाद्या फुटकळ दुकानाच्या संकेतस्थळाने केलेला हलगर्जीपणा तुमच्या ईमेलपर्यंत पोचतो. आणि ईमेल गेला की बाकी सगळं गेलंच, कारण बहुतेक ठिकाणी नवा पासवर्ड मागितला की दुवा येतो तो ईमेलवरच.

यावर उपाय एकच, प्रत्येक ठिकाणी वेगळा आणि लांब पासवर्ड. पण पन्नास वेगळे पासवर्ड पाठ करणं माणसाचं काम नव्हे. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात एक राजा लेखनकलेवर आक्षेप घेतो, की लिहून ठेवायची सवय लागली की माणसं स्मरणशक्ती गमावतील. पासवर्डच्या बाबतीत मात्र आम्ही त्या राजाच्या बाजूने नाही. इथे पाठांतराचा आग्रह धरला की माणूस सोपा पासवर्ड निवडतो, आणि तोच सगळीकडे वापरतो.

मग वही का नको? हा प्रश्न ज्येष्ठ मंडळी विचारतात आणि आम्ही त्याला हसत नाही. परदेशात बसलेला चोर तुमच्या कपाटातली वही वाचू शकत नाही, हे अगदी खरं. पण वहीच्या तीन अडचणी आहेत. वही एकच असते. हरवली, भिजली की संपलं. वहीतून लांब पासवर्ड टाइप करायचा कंटाळा येतो, म्हणून आपण हळूहळू छोट्या पासवर्डवर येतो. आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची: वहीला खोटं संकेतस्थळ ओळखता येत नाही. बँकेच्या पानासारखं हुबेहूब दिसणारं पान कोणी बनवलं, पत्त्यात एखादंच अक्षर इकडचं तिकडे केलं, तर आपले डोळे फसतात. पासवर्ड मॅनेजर चित्र बघत नाही, तो पत्ता बघतो. पत्ता जुळला नाही तर तो पासवर्ड भरायला पुढेच येत नाही. तो गप्प बसला की आपण थांबायचं, हा नियम पाळला तरी निम्मं काम झालं.

आता हे यंत्र चालतं कसं? कल्पना करा, एक तिजोरी आहे. तिच्यात तुमचे सगळे पासवर्ड. तिजोरी उघडायला एक मुख्य पासवर्ड, तेवढाच तुम्ही लक्षात ठेवायचा. चांगल्या मॅनेजरमध्ये या मुख्य पासवर्डपासून किल्ली बनते ती तुमच्याच फोनवर किंवा संगणकावर, आणि ती बनवण्याची प्रक्रिया मुद्दाम संथ ठेवलेली असते. तुम्हाला तो क्षणभराचा उशीर जाणवत नाही; पण कोट्यवधी अंदाज करून बघणाऱ्या चोराला प्रत्येक अंदाजामागे तेवढाच वेळ मोजावा लागतो. त्या किल्लीने तिजोरी कुलूपबंद होते आणि मगच कंपनीकडे जाते. कंपनीकडे असते ती बंद तिजोरी, किल्ली नाही. म्हणून तिथे "मुख्य पासवर्ड विसरलो, नवीन द्या" ही सोय सहसा नसते. ही गैरसोय आहे, पण तीच सुरक्षिततेची खूण आहे. मुख्य पासवर्ड जी कंपनी सहज परत देते, तिच्याकडे किल्लीची नक्कल आहे, हे उघड झालं.

आता विश्वासाचा प्रश्न. प्रत्येक कंपनी म्हणते, आम्ही सुरक्षित आहोत. हे खरं कशावरून? आपल्या दर्शनांत यावर मोठा वाद झालेला आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञानाचं प्रामाण्य स्वतःसिद्ध असतं, विरोधी पुरावा येईपर्यंत ते खरं धरावं. नैयायिक म्हणतात, नाही, प्रामाण्य बाहेरून तपासावं लागतं. घरच्या माणसांच्या बाबतीत आपण सगळे मीमांसक असतो आणि तसंच असावं. पण तिजोरी देताना नैयायिक व्हा. वात्स्यायनाने आप्त कोणाला म्हणावं हे सांगताना दोन अटी घातल्या: त्याने ती गोष्ट स्वतः पाहिलेली असावी आणि जशी पाहिली तशी सांगण्याची त्याची इच्छा असावी. तो कोणत्या कुळाचा, कोणत्या देशाचा, हे गौण. कंपनीलाही हेच लावा. मोठं नाव आणि झगमगती जाहिरात पुरेशी नाही. बाहेरच्या तज्ज्ञांकडून तिची तपासणी होते का, तिचा अहवाल लोकांना वाचायला मिळतो का, आणि चूक झाली तर ती स्पष्ट सांगते का, हे बघा.

याला एक पाश्चात्त्य जोडही आहे. ऑगुस्त केर्कहॉफ्स या भाषाशिक्षकाने १८८३ मध्ये सैनिकी गुप्तलेखनावर लिहिताना एक तत्त्व मांडलं: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुपित फक्त किल्लीत असावं. म्हणूनच ज्या मॅनेजरचा मूळ कोड सर्वांना खुला असतो, तो कमी सुरक्षित ठरत नाही, उलट तो तपासता येतो. कुलपाची रचना जगजाहीर, किल्ली तुमची.

एक खरं उदाहरण घेऊ. लास्टपास हा पुष्कळ वापरला जाणारा मॅनेजर. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथे घुसखोरी झाल्याचं कंपनीने सांगितलं, आणि डिसेंबरमध्ये सांगितलं की ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीही चोरांनी नेल्या आहेत. पासवर्ड कुलूपबंद होते, पण कोणाची खाती कोणकोणत्या संकेतस्थळांवर आहेत ते पत्ते उघडे होते. यातून काय शिकायचं? एक, ज्यांचा मुख्य पासवर्ड भक्कम होता त्यांची तिजोरी चोराच्या घरात असूनही बंद राहण्याची शक्यता मोठी. ज्यांचा कच्चा होता, त्यांचा भरवसा नाही. दोन, अशा वेळी मुख्य पासवर्ड बदलून भागत नाही. चोराकडची प्रत जुन्याच किल्लीने उघडते. आतले पासवर्ड बदलावे लागतात, आधी ईमेल आणि बँक, मग बाकीचे.

तर मग निवडायचं कोणतं? आम्ही चार प्रकार सांगतो, माणूस बघून.

ज्यांना नवं काही शिकायचंच नाही, त्यांनी फोनमध्ये आधीपासून असलेलं वापरावं, गूगलचा पासवर्ड मॅनेजर किंवा अ‍ॅपलचं पासवर्ड्स. एकच पासवर्ड सगळीकडे वापरण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मात्र तिथे तिजोरीची किल्ली बहुधा तुमच्या फोनचा पिनच असतो. आणि आपल्या घरांत आजोबांच्या फोनचा पिन सगळ्या नातवंडांना पाठ असतो! तेव्हा तो पिन जपा.

ज्यांच्या घरी एकाचा फोन अँड्रॉइड, दुसऱ्याचा आयफोन आणि टेबलावर विंडोजचा संगणक आहे, त्यांनी बिटवॉर्डन बघावं. कोड खुला आहे आणि मोफत प्रकारातही कितीही पासवर्ड, कितीही उपकरणांवर ठेवता येतात. आम्हाला कोणी एकच नाव विचारलं तर आम्ही हे सांगतो.

ज्यांना कोणत्याही कंपनीकडे काही ठेवायचं नाही, त्यांच्यासाठी कीपास आणि त्याच्या कुळातलं कीपासएक्ससी. तिजोरी म्हणजे तुमच्याच संगणकावरची एक फाइल. पण तिची प्रत काढणं, फोनवर नेणं, हे सगळं तुम्हीच करायचं. शिस्त नसेल तर या वाटेला जाऊ नका. चौथा वनपासवर्ड, सशुल्क आहे. तिथे मुख्य पासवर्डच्या जोडीला एक लांब गुप्त किल्ली असते, म्हणून नुसता पासवर्ड कळून तिजोरी उघडत नाही. अर्थात तो किल्लीचा कागदही सांभाळावा लागतो.

आता मुख्य पासवर्ड. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ मध्ये सांगितलं की कारण नसताना दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावू नये, आणि चिन्हं-आकड्यांच्या सक्तीपेक्षा लांबीला महत्त्व द्यावं. तेव्हा शब्दांचा पासवर्ड करा. डाइसवेअर नावाची एक जुनी पद्धत आहे: ७७७६ शब्दांची यादी, पाच वेळा फासा टाकायचा, जो आकडा येईल तो शब्द घ्यायचा. असे पाच शब्द घेतले तर शक्यता होतात सुमारे २ लाख ८४ हजार कोटी कोटी. चार आकडी पिनच्या शक्यता फक्त १०,०००. मेख इतकीच, की शब्द फाशाने निवडावेत, मनाने नव्हे. मनाने निवडलं की अभंगाची ओळ येते, नातीचं नाव येतं, गावाचं नाव येतं, आणि हे सगळं चोरालाही सुचतं. मराठी शब्द रोमन अक्षरांत घ्यायचे असतील तर बेलाशक घ्या, पण ते कसे लिहायचे हे पहिल्या दिवशीच पक्कं करा. 'पाऊस' हा शब्द रोमनमध्ये तीन-चार तऱ्हांनी लिहिता येतो, आणि ऐन वेळी कोणती तऱ्हा आपली, हे आठवत नाही.

एक आक्षेप रास्त आहे: सगळं एकाच तिजोरीत, ती फुटली तर? म्हणून मॅनेजरच्या आणि ईमेलच्या खात्याला दुसरी पायरी लावा, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरचा कोडही लागेल. आणि हेही लक्षात ठेवा, की फोनवर गोड बोलून कोणी ओटीपी मागितला आणि तुम्ही तो सांगितला, तर जगातला कोणताही मॅनेजर तुम्हाला वाचवू शकत नाही. तसं घडलंच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. तिथे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे.

शेवटचा मुद्दा, आणि आमच्या वयाच्या लोकांसाठी सगळ्यात मोठा. आमच्या परिचयातले एक गृहस्थ अचानक गेले. बिलं, सोसायटीचा खर्च, गुंतवणुकी, सगळं त्यांच्या फोनमध्ये. आणि वहिनींना फोनचा पिनही माहीत नव्हता. दुःखाच्या त्या दिवसांत त्या माउलीला आधी हे शोधावं लागलं, की आपलं काय काय आणि कुठे कुठे आहे. पासवर्ड हातात आला म्हणजे हक्क आला असं नव्हे. बँकेत नॉमिनीची रीतसर प्रक्रियाच करावी लागते, आणि तीच करावी. पण कुठे जायचं हे तरी कळायला हवं ना? अ‍ॅपलच्या 'लीगसी कॉन्टॅक्ट' सोयीत माणूस गेल्यावर फोटो वगैरे मिळतात, साठवलेले पासवर्ड मिळत नाहीत. बिटवॉर्डनच्या सशुल्क प्रकारात विश्वासातल्या माणसाला ठरावीक मुदतीनंतर तिजोरी उघडता येते. आणि सगळ्यात साधा मार्ग म्हणजे मुख्य पासवर्ड आणि फोनचा पिन एका कागदावर लिहून, पाकीट बंद करून, मृत्युपत्राशेजारी ठेवायचं आणि ते कुठे आहे हे एका माणसाला सांगायचं. इथे मात्र कागदच बरा.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. एक मॅनेजर निवडा. फाशाने पाच शब्द काढा. पहिल्या दिवशी फक्त ईमेल आणि बँक, या दोनच ठिकाणचे पासवर्ड बदलून आत ठेवा; बाकीचे जसजसं त्या त्या ठिकाणी जाल तसतसे. आणि पाकिटाची गोष्ट घरात बोला. तो विषय काढणं कसंसंच वाटतं, आम्हाला ठाऊक आहे. तरी बोला. पुढच्या वेळी आपण 'पासकी', म्हणजे पासवर्डच नको म्हणणाऱ्या नव्या पद्धतीकडे वळू. प्रश्न असतील तर जरूर पाठवा. नमस्कार.