सांडलेला दाणा हीच पेरणी

ऑगस्ट सरत आला की मिनेसोटातल्या उथळ तळ्यांमध्ये उंच वाढलेलं एक गवत लोंब्यांनी झुकतं. त्याचा दाणा म्हणजे ओजिब्वे लोकांचं 'मनोमिन'. बाजारात त्याला 'वाइल्ड राइस' म्हणतात. कूळ आपल्या भाताचंच, पण हे उगवतं तळ्याच्या गाळात. ओजिब्वे फार पूर्वी पूर्वेकडून लेक सुपिरिअरच्या परिसरात आले. 'पाण्यावर अन्न उगवतं तिथे थांबा' असं पूर्वजांना सांगितलं गेलं होतं, अशी त्यांची परंपरा आहे.

मी रायगडच्या भातशेतीच्या घरातली, आता राहते मिनेसोटात. ओळखीच्या एका ओजिब्वे आजींबरोबर तळ्यावर गेले, ते खास झोडणी बघायला. होडीत दोघं. एकजण उभा राहून बेचक्याच्या लांब काठीने होडी रेटतो. दुसरा बसून सीडरच्या दोन हलक्या काठ्या चालवतो. एकीने लोंब्या होडीवर ओढायच्या, दुसरीने झटकायच्या. राज्याच्या कायद्याने ही काठी 30 इंचांहून लांब आणि एका पौंडाहून जड चालत नाही. त्यामुळे ताट मोडत नाही आणि पिकलेला दाणा तेवढाच गळतो. एका लोंबीतले दाणे एकदम पिकत नाहीत, म्हणून काही दिवसांनी त्याच तळ्यात पुन्हा फेरी होते.

बरेचसे दाणे पाण्यात पडत होते आणि माझा जीव वरखाली होत होता. आजी मात्र निवांत. दाण्याला लांब, खरबरीत कुसळ असतं. त्यामुळे तो टोकावर बुडतो, गाळात रुततो आणि वसंतात रुजतो. हीच कुसळं माझ्या मोज्यांत शिरली आणि घरी येईपर्यंत टोचत राहिली.

पुढचं काम काठावर. दाणे वाळवायचे, मग लोखंडी कढईत सतत हलवत भाजायचे, म्हणजे टरफल ठिसूळ होतं. मग खड्ड्यात घालून मऊ चामड्याचे जोडे चढवून तुडवायचे. शेवटी बर्चच्या सालीच्या पसरट परडीत पाखडायचे. आजींच्या हातातली परडी अगदी आमच्या सुपासारखी चालत होती.

ही बर्चची साल ओजिब्वेंच्या संसारात जागोजागी दिसते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, झाडात रस चढलेला असताना, ती सहज सुटते. फक्त बाहेरचा थर जपून काढला तर झाड जगतं. तिचे डबे होत, त्यांत मनोमिन आणि मेपलची साखर साठवत. वाकवलेल्या कोवळ्या खोडांच्या सांगाड्यावर ती पसरली की घर उभं राही. होडीसाठी ती स्प्रूसच्या मुळांनी शिवत, आत सीडरच्या फासळ्या बसवत आणि सांध्यांना डिंक व कोळशाचं मिश्रण लावत. खिळा एकही नाही. फ्रान्सिस डेन्समोर यांनी 1929 साली छापलेल्या ओजिब्वे चालीरीतींवरच्या पुस्तकात या कामांची बारीक नोंद केली आहे.

जमीन गेली तरी झोडणीचा हक्क ओजिब्वेंनी सोडला नाही. 1837 च्या करारात त्यांनी अमेरिकन सरकारला मोठा प्रदेश दिला, पण तिथे शिकार, मासेमारी आणि मनोमिन गोळा करण्याची मुभा लिहून घेतली. मिल लॅक्सच्या ओजिब्वेंनी ती न्यायालयात नेली आणि 1999 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम असल्याचा निकाल दिला.

दुकानातला बराचसा 'वाइल्ड राइस' मात्र खाचरांत लावलेला आणि यंत्राने कापलेला असतो. एकदम पिकावा आणि गळू नये म्हणून त्याच्या जाती निवडलेल्या असतात. तो काळाभोर दिसतो आणि शिजायला पाऊण तास तरी घेतो. तळ्यातला, हाताने भाजलेला दाणा तपकिरी असतो आणि निम्म्या वेळात शिजतो. अमेरिकेतून कोणी येणार असेल तर हा दुसरा मागवा. महाग पडेल, पण ते पैसे होडीत बसणाऱ्यांच्या हातात जातील.