धार लागली, हे कशावरून?

आमची सगळी नोकरी तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली. त्यामुळे वस्तऱ्याला धार लावण्यावर बोलायला यांना कशाला बोलावलं, असं तुमच्यापैकी काहींना वाटत असणार. कठोपनिषदात वस्तऱ्याच्या धारेचा दृष्टान्त आहे, तेव्हा प्रोफेसर तिकडेच घसरणार, अशी भीतीही असेल. नाही घसरणार. तो दृष्टान्त धारेवरून चालण्याचा आहे. आपला प्रश्न त्याच्या आधीचा आहे : मुळात धार आहे का, आणि आहे हे कशावरून?

तुम्ही सगळे वस्तऱ्याने दाढी करणारे हौशी लोक. दगड आहेत, चामड्याचा पट्टा आहे, तरी दाढी ओढते. अशा वेळी आपण काय करतो? आणखी बारीक दगड विकत आणतो. आम्हीही तेच केलं. त्याची किंमत आमच्या वडिलांच्या वस्तऱ्याने मोजली, ते शेवटी सांगतो.

आधी शब्दाकडे बघू. आपण धार 'लावतो' म्हणतो, जशी कपाळाला टिकली लावावी. पण धार ही वरून लावायची वस्तू नाही. पात्याच्या दोन्ही बाजूंना दोन अरुंद उतार असतात. ते घासत घासत एकमेकांना येऊन भेटले, की त्या भेटीच्या रेषेला धार म्हणायचं. भेट झाली नसेल तर मध्ये एक बारीक, बोथट पट्टी उरते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण गालाला बरोबर कळते.

वस्तऱ्याची एक सोय अशी, की दगडावर तो सपाट ठेवला की पाठ आणि धार दोन्ही टेकतात. म्हणजे कोन कारागिराने आधीच ठरवून दिलेला असतो. पातं 19 मिलिमीटर रुंद आणि पाठ साधारण साडेपाच मिलिमीटर जाड असेल, तर दोन्ही उतार मिळून कोन होतो सोळा-सतरा अंशांचा. स्वयंपाकघरातल्या सुरीला तो बहुधा याच्या दुप्पट असतो. तेव्हा आपल्याकडे कामं दोनच : पाठ उचलायची नाही आणि दाबायचं नाही. दगडावर धार पुढे आणि पाठ मागे. पट्ट्यावर नेमकं उलट, पाठ पुढे. तिथे चुकलात तर पट्टा कापला जातो. आणि पट्टा ताणून धरा. सैल पट्ट्यावर धार गोल होते.

आता दगडांचे आकडे. एक हजार, चार हजार, आठ हजार, बारा हजार. जपानी मोजणीत एक हजाराच्या दगडातले कण दहा-पंधरा मायक्रॉनचे, आठ हजारातले एक-दीड मायक्रॉनचे. यातला पहिला दगड धार घडवतो. पुढचे सगळे आधीच्या दगडाचे ओरखडे बारीक करत जातात. म्हणजे आज सांगायची मुख्य गोष्ट एवढीच : जे उतार भेटलेलेच नाहीत, त्यांना बारा हजाराचा दगड चकचकीत करील, पण भेटवणार नाही. पुढच्या पायरीवर मागच्या पायरीची चूक दुरुस्त होत नाही, फक्त झाकली जाते.

मग उतार भेटले हे ओळखायचं कसं? इथे आमचा धंदा उपयोगी पडतो. न्यायदर्शन विचारतं, तुझ्याजवळ प्रमाण कोणतं?

पहिलं प्रत्यक्ष. दिव्याखाली धार सरळ डोळ्यांसमोर धरा. तिथे चकाकणारी रेष किंवा ठिपके दिसले, तर उजेड परत फेकायला सपाट जागा शिल्लक आहे. म्हणजे तिथे धार नाही. दुसरी युक्ती : उतारांवर मार्करची शाई लावा आणि एक हजाराच्या दगडावर दोनच हात मारा. शाई जिथे शिल्लक राहिली, तिथे दगड पोचतच नाही. पातं किंचित वाकलेलं असेल, किंवा दगड मधून झिजून खोलगट झाला असेल. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखून हिऱ्याच्या पट्टीवर घासा. सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट झाला.

दुसरं अनुमान. हातावरचे केस निघाले, म्हणून धार लागली, असं आपण म्हणतो. धूर दिसला म्हणून अग्नी आहे, तसंच हे अनुमान. पण इथली व्याप्ती पक्की आहे का? एक हजाराच्या दगडावर नीट घासलेला वस्तराही हातावरचे केस काढतो, पण त्याने हनुवटी करून बघा! दुसरं असं, की एकाच बाजूने फार घासलं तर टोकाला धातूची पातळ झालर उभी राहते. कारखान्यात तिला बर म्हणतात. तीसुद्धा लटकता केस सटकन तोडते आणि गालावरच्या पहिल्या दोन-चार हातांत दुमडते. साध्य नसतानाही जो हेतू सापडतो, त्याला न्यायशास्त्रात सव्यभिचार म्हणतात. केसाची परीक्षा ही या हेत्वाभासाचं घरगुती उदाहरण आहे. ती करूच नका असं नाही. एकाच डोक्याचे धुतलेले केस वापरा, कालच्या निकालाशी आजचा ताडून पाहा. आणि बर टाळायचा असेल तर दर हाताला बाजू बदला, शेवटचे हात अगदी वस्तऱ्याच्या वजनानेच होऊ द्या.

तिसरं शब्दप्रमाण, म्हणजे खोक्यावरचा आकडा आणि जाणत्यांचा सल्ला. आदर ठेवा, पण मर्यादा ओळखा. बेल्जियमच्या आर्देन भागात कॉटिक्यूल नावाचा पिवळसर दगड निघतो. त्यात गार्नेटचे बारीक स्फटिक असतात. त्यावर घासून दुधासारखी मळी काढली तर तो भराभर धातू काढतो. नुसत्या पाण्यावर तोच दगड हळू चालतो आणि सफाई देतो. एकाच दगडाची ही दोन कामं. याला आकडा कोणता देणार?

मग अखेरचा निकाल कशाने? नैयायिकांचं उत्तर आहे प्रवृत्तिसामर्थ्य. दूर पाणी दिसलं. ते पाणी की मृगजळ, हे तिथे उभं राहून ठरत नाही. जाऊन प्यायलात आणि तहान भागली, तर ज्ञान खरं होतं. वस्तऱ्याचंही तसंच. गाल, मग गळा, मग हनुवटी. ओढलं नाही, नंतर आग झाली नाही, की धार होती. मात्र या परीक्षेपर्यंत पोचण्याआधी दर पायरीवर थांबून विचारलेलं असलं पाहिजे, नाहीतर रक्त काढून ज्ञान मिळतं.

आता वडिलांचा वस्तरा. झोलिंगेनचा, पाठीवर बारीक नक्षी असलेला. त्यांच्यामागे तो आमच्याकडे आला. आम्ही थेट आठ हजारापासून सुरुवात केली, कारण एक हजाराचा दगड खरखरीत, वडिलांची वस्तू खराब होईल ही भीती. दाढी ओढायची. बारा हजाराचा दगड आणला. हिरवी पेस्ट आणली. हातावरचे केस निघत होते, म्हणून धारेवर संशय घेतला नाही. साबणावर घेतला, पोलादावर घेतला, स्वतःच्या वयावरही घेतला. चिडून दाब वाढवला. असे सात-आठ महिने गेले. एका रविवारी मार्करची शाई लावली, तर टोकाकडच्या बोटभर भागात ती जशीच्या तशी. तिथे दगड एकदाही पोचला नव्हता.

एक हजाराचा दगड सपाट केला, हात थोडा तिरपा, टोकापर्यंत ओढत नेला, आणि तासाभरात काम झालं. ज्याची भीती वाटत होती, त्या दगडाने फारसं काही खाल्लं नाही. खाल्लं ते आमच्या दाबाने. पाठीवर एक रुंद, सपाट पट्टा पडला आहे आणि तिथली नक्षी गेली आहे. ती परत येत नाही. रोज सकाळी वस्तरा उघडला की तो पट्टा दिसतो, आणि न विचारलेला प्रश्न आठवतो.

वस्तरा आता उत्तम चालतो. वडिलांना आवडला असता की नाही, हे मात्र कोणत्याच प्रमाणाने कळायचं नाही. असो. तुमचे वस्तरे आणले असतील तर काढा, मार्कर आमच्या खिशात आहे.