रोपवाटिकेची वेबसाइट आणि नावाचा सातबारा



या पत्रात ठिबक, खोडवा, हुमणी, माती परीक्षण यांवर जाणकार मंडळी नेहमीच लिहीत असतात. मी त्या पंगतीतला नव्हे. आपल्यासारखाच एक ऊस उत्पादक, आणि घरच्या बेणेमळ्यावर लहानशी ऊस रोपवाटिका चालविणारा. या रोपवाटिकेची वेबसाइट मी दोनदा केली. पहिल्यांदा पैसे देऊन करून घेतली, ती बुडाली. दुसऱ्यांदा मुलीला शेजारी बसवून स्वतः केली, ती चालू आहे. आता बरेच सभासद गूळ, हळद, रोपे, गांडूळखत असे काही ना काही थेट विकू लागले आहेत. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी फटका कसा बसला ते सांगतो. तालुक्याच्या गावी कॉम्प्युटरचे काम करणाऱ्या एका इसमाला मी रोख पैसे मोजले. त्याने चार दिवसांत साइट उभी केली. दिसायला झकास! मी हुरळून गेलो. पत्ता हँडबिलावर छापला, टेम्पोच्या फळीवर रंगवून घेतला, फाट्यावर बोर्ड लावला. वर्ष सुरळीत गेले. मग ऐन आडसालीच्या तोंडावर एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "काय हो पाटील, रोपांचा धंदा सोडला का? तुमच्या पत्त्यावर पत्त्यांचा डाव मांडलाय की!" उघडून पाहतो तर खरेच, रमीची जाहिरात. त्या इसमाचा फोन बंद. चौकशीअंती कळले ते असे : वेबसाइटचे नाव त्याने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतले होते. वर्षाचे पैसे भरायची आठवण त्यालाच आली, त्याने भरले नाहीत, मुदत संपली आणि मोकळे झालेले नाव तिसऱ्याच कुणीतरी उचलले. तक्रार कुठे करणार? माझ्या हातात ना पावती, ना कागद.

म्हणून पहिली गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. वेबसाइट ही एक वस्तू नसून तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक नाव, म्हणजे डोमेन. दुसरी जागा, म्हणजे होस्टिंग. आणि तिसरे बांधकाम, म्हणजे प्रत्यक्ष पाने. बांधकाम मोडून पुन्हा करता येते, जागाही बदलता येते. नाव मात्र ज्याच्या खात्यावर नोंदले तो मालक. आपण जमीन घेताना सातबारा कुणाच्या नावावर लागला हे पाहतो की नाही? तसेच हे. फरक एवढाच की हा सातबारा कायमचा नसतो. एका वर्षापासून दहा वर्षांपर्यंत मुदतीने मिळतो आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावे लागते. पहिल्या वर्षाचा दर पुष्कळदा स्वस्त दाखवतात. पुढच्या वर्षाचा दर काय, हे आधीच वाचून घ्यावे.

आपल्या देशाचे 'डॉट इन' हे नाव निक्सी या संस्थेच्या देखरेखीखाली चालते. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' असे नावही मिळते, म्हणजे पत्ता चक्क मराठीत लिहिता येतो. बोर्डावर ते शोभते यात शंका नाही, पण गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर मराठी कळफलक लावलेला असेलच असे नाही. मी डॉट इन घेतले. नाव आखूड, एकदा फोनवर सांगितले की समोरच्याला लिहिता येईल असे असावे. माझ्या पहिल्या नावात इंग्रजी 'डब्ल्यू' की 'व्ही' यावर निम्मी माणसे चुकायची.

नाव स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइलवर नोंदवावे. पासवर्ड वहीत लिहून कपाटात, सोसायटीच्या पासबुकाशेजारी ठेवावा. ओटीपी कुणालाही सांगू नये, साइट करून देणाऱ्यालाही नाही. ज्यांची साइट दुसऱ्याने आधीच करून दिली आहे त्यांनी आजच विचारावे, "नाव कुणाच्या खात्यावर आहे?" त्याच्या खात्यावर असेल तर ट्रान्स्फर कोड मागून आपल्या खात्यात फिरवून घ्यावे. संबंध गोड आहेत तोवरच हे काम होते. मुदत कधी संपते ते 'हूइज' नावाच्या तपासणीत कोणालाही फुकट पाहता येते.

आता बांधकाम. इथे माणसे उगाच घाबरतात. टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थाने १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रात ही कल्पना मांडली, १९९१ मध्ये पहिली वेबसाइट लोकांपुढे आली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांना मोफत खुले केले. त्यामुळे पान लिहायला परवाना लागत नाही आणि फी पण नाही. पहिले पान तर इंटरनेटशिवाय घरच्या कॉम्प्युटरवर करता येते. साध्या नोटपॅडमध्ये मजकूर लिहायचा, त्याला एचटीएमएलच्या खुणा लावायच्या : इथे मथळा सुरू, इथे मथळा संपला, इथे परिच्छेद सुरू, इथे संपला. फाइल 'इंडेक्स' या नावाने साठवायची आणि ब्राउझरमध्ये उघडायची. माझ्या मुलीने पहिल्या संध्याकाळी एवढेच शिकवले. मथळा मोठ्या अक्षरात उमटला तेव्हा, खरे सांगतो, पहिली मोळी टाकल्यासारखे वाटले.

दोन ओळी मात्र विसरू नयेत. एक 'यूटीएफ-८' ची, नाहीतर मराठीच्या जागी चौकोन आणि चिन्हांचा चिखल दिसतो. (जुन्या छापखान्याच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूरही तसाच उचलू नये, युनिकोडमध्ये करून घ्यावा.) दुसरी 'व्ह्यूपोर्ट'ची. ती नसेल तर मोबाइलवर अक्षरे मुंगीएवढी होतात, आणि आपले गिऱ्हाईक मोबाइलवरच आहे. ज्यांना खुणांचा कंटाळा, त्यांनी वर्डप्रेस वापरावे. ते २००३ पासून चालत आलेले मोफत साधन आहे. मात्र ते वेळोवेळी अद्ययावत करावे लागते. नाही केले तर चोर शिरतात.

पण खरे काम कॉम्प्युटरपुढे बसण्याआधीचे आहे. आठ दिवस मी वहीत लिहून ठेवले, फोनवर लोक काय विचारतात. 'आमच्याविषयी', 'आमचे ध्येय' असले कुणी एकदाही विचारले नाही! प्रश्न ठरलेले : को ८६०३२ आहे का, २६५ आहे का, रोप किती दिवसांचे, ट्रे परत करायचा का, पोहोच देता का, आणि कधी मिळेल? शेवटच्या प्रश्नावर सगळे अडते. आडसाली लागण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. एक डोळ्याचे रोप तयार व्हायला साधारण पाच आठवडे. म्हणजे ज्याला जुलैअखेर रोप हवे त्याने जूनमध्येच सांगायला पाहिजे. हे मी फोनवर रोज वीसदा सांगत होतो. आता पहिल्या पानावर सर्वांत वर एकच तक्ता आहे : वाण, तयार होण्याची तारीख, शिल्लक रोपे, दर. खाली फोन नंबर आणि गावाचा रस्ता. तक्ता फोटो करून टाकलेला नाही, अक्षरांत लिहिला आहे, म्हणजे गूगललाही तो वाचता येतो. दर सोमवारी सकाळी तो दुरुस्त करतो. ज्या आठवड्यात चुकलो त्या आठवड्यात एक शेतकरी चाळीस किलोमीटरवरून टेम्पो घेऊन आला आणि रोपे संपलेली. त्याला चहा पाजला, पण तोंड वर करून बोलता येईना.

फोटो घालावेत, पण मोजके. मोबाइलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो दोनशे केबीपर्यंत उतरवून घालावा. वस्तीवर रेंज कशी असते हे आपणास ठाऊकच आहे. आणि फोटो आपल्याच शेडचा हवा. इंटरनेटवरचा हिरवागार परदेशी ऊस दाखवून काय साधणार?

पाने तयार झाली की होस्टिंगच्या जागेवर चढवायची आणि नाव त्या जागेकडे वळवायचे. वळवल्यावर सगळीकडे दिसायला काही तासांपासून एक-दोन दिवस लागू शकतात, घाई करू नये. पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' येते की नाही ते पाहावे. त्याचे प्रमाणपत्र आता पुष्कळ ठिकाणी फुकट मिळते. पैसे घेण्याची सोय मी साइटवर ठेवलेली नाही. नोंदणी फोनवर, पैसे रोप उचलताना. पुढे जमेल तेव्हा बघू.

नवे नाव मी पाच वर्षांसाठी घेतले आहे, आणि नूतनीकरणाची तारीख घरातल्या तिघांच्या मोबाइलवर लावली आहे. टेम्पोची फळी पेंटरने पुन्हा रंगवली. फाट्यावरच्या बोर्डावर मात्र जुना पत्ता अजून तसाच आहे. पेंटर म्हणतो, पाऊस उघडू द्या.