तारीख हाती नव्हती, अभ्यास होता

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,’ ही म्हण आपल्याकडे घराघरांत ऐकू येते. दहावीनंतर आमची लेक म्हणाली, “मला वकील व्हायचंय,” तेव्हा नातेवाइकांनी हीच म्हण आम्हाला ऐकवली. मुलीने शिक्षिका व्हावे, बँकेची परीक्षा द्यावी, कोर्टकचेरी कशाला? बोलणे मायेपोटीच होते. आम्ही म्हणालो, बारावी होऊ दे, मग पाहू. तिचे बारावीचे वर्ष आले ते कोरोना घेऊनच.

बारावीनंतर कायद्याच्या पाच वर्षांच्या पदवीला जाण्याची दोन मुख्य दारे आहेत, हेही आम्हाला लेकीकडूनच कळले. एक ‘क्लॅट’. तिच्यातून देशभरातल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत प्रवेश मिळतो. आपल्या राज्यात अशी विद्यापीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला (तेव्हाचे औरंगाबाद) आहेत. परीक्षा इंग्रजीत, दोन तासांत तेव्हा १५० प्रश्न असत, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. दुसरे दार राज्याच्या सीईटीचे. तिथेही दोन तास आणि तेव्हा १५० प्रश्न असत, पण चुकीला गुण कापत नाहीत आणि प्रश्न मराठीतही असतात. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय किंवा पुण्याचे आयएलएस इथे जायचे तर ही सीईटी द्यावी लागते.

तिच्या आधीच्या मुलांचे २०२० साली काय झाले ते आम्ही पाहत होतो. १० मे रोजी होणारी क्लॅट पुढे पुढे ढकलली जात अखेर २८ सप्टेंबरला झाली. त्यातच ३ सप्टेंबरला बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने आपली वेगळी परीक्षा जाहीर केली. ती ऑनलाइन, घरून द्यायची, आणि तारीख १२ सप्टेंबर, म्हणजे अवघ्या नऊ दिवसांनी. ज्याच्या घरी संगणक नाही, रेंज नाही, त्याने काय करायचे? या परीक्षेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात कोण गेले, तर त्याच विद्यापीठाचे एक माजी कुलगुरू आणि एका विद्यार्थ्याचे पालक. २१ सप्टेंबरला न्यायालयाने ती परीक्षा रद्द केली आणि क्लॅटमधूनच प्रवेश द्यायला सांगितले.

लेकीने तो निकाल संकेतस्थळावरून मोबाइलवर उतरवून घेतला. निम्मे शब्द अडले, तरी वहीत अर्थ लिहीत तिने तो आठवडाभरात वाचून काढला. मग आम्हाला म्हणाली, “बघा, एक बाप कोर्टाची पायरी चढला म्हणून कितीतरी मुलांची सोय झाली.” त्या दिवसापासून आमच्या घरात ती म्हण कोणी उच्चारलेली नाही.

क्लॅटमध्ये पाठांतर फारसे कामाला येत नाही. मोठे उतारे वाचून त्यावरची उत्तरे द्यायची असतात, म्हणजे वाचनाचा वेग आणि समज दोन्ही हवे. महागड्या क्लासची फी आम्हाला झेपणारी नव्हती. चिपळूणच्या बाजारपेठेतले आमचे छोटे दुकान टाळेबंदीत कितीतरी दिवस बंदच होते. घरात चांगला मोबाइल एकच, त्यावर धाकट्याची शाळाही. म्हणून आम्ही वाटणी केली. फज्रनंतर दोन तास मोबाइल तिचा, दुपारी धाकट्याचा, रात्री पुन्हा तिचा. रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एक अग्रलेख वाचून तिने आम्हाला तो मराठीत सांगायचा. आम्हाला समजला तर तिला समजला, असा हिशेब. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका. चुकलेल्या प्रश्नांची वही वेगळी.

२०२१ मध्ये पुन्हा तोच खेळ. क्लॅट आधी ९ मेला होती, मग १३ जूनवर गेली. मेच्या मध्यावर, ईदच्या दुसऱ्याच दिवशी, तीही पुढे ढकलल्याची बातमी आली आणि नवी तारीख सांगितलेली नव्हती. रमजानभर सहेरीनंतर न झोपता बसलेली पोर त्या दिवशी पुस्तके पिशवीत भरून मोकळी झाली. जूनमध्ये बारावीची परीक्षाच रद्द झाली. आता कशासाठी अभ्यास करायचा, असे ती विचारू लागली. आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही तिला दटावले नाही, की समजूतही काढली नाही. फक्त पहाटेची वाटणी मोडली नाही. मोबाइल तिच्या उशाशी ठेवत राहिलो. पाचव्या दिवशी तिने पिशवी उघडली. पुढे तारीख आली, २३ जुलै, शुक्रवार, दुपारी दोन वाजता.

बकरी ईद २१ जुलैला. केंद्र मुंबईकडचे. आमचा बेत होता की ईद घरी करून गुरुवारी सकाळी तिने निघावे. ती मात्र हटून बसली. पाऊस आहे, गाड्यांचा भरवसा नाही, दोन दिवस आधीच जाते म्हणाली. ईदला मुलगी घरात नाही म्हणून दादी रुसल्या. तरी आम्ही तिला सोमवारीच चुलतभावाबरोबर मुंब्र्याला मामूंकडे पाठवले.

बुधवारी रात्री वाशिष्ठीचे पाणी चढू लागले. गुरुवारी सकाळी बाजारपेठ पाण्याखाली होती, कोकण रेल्वे थांबली होती, वीज नव्हती, फोन लागत नव्हते. आमचे घर उंचावर म्हणून आम्ही वाचलो, दुकान मात्र बुडाले. लेक मुंब्र्यात टीव्हीवर चिपळूण पाहत होती. शुक्रवारी दोन वाजता ती परीक्षेला बसली तेव्हा आम्ही सुखरूप आहोत की नाही, हे तिला ठाऊक नव्हते. आमचा आवाज तिच्या कानी पडला तो शनिवारी संध्याकाळी. ती म्हणाली, “पहिली दहा मिनिटं अक्षरं दिसत नव्हती. मग रोजचा अग्रलेख समजून पहिला उतारा वाचला.”

२८ जुलैला निकाल लागला तेव्हा आम्ही सगळे दुकानातला चिखल उपसत होतो. मुंबईच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाला पुरतील इतके गुण नव्हते. तिने फावडे खाली ठेवले, निकाल पाहिला आणि पुन्हा फावडे उचलले. राज्याची सीईटी तेव्हा अजून व्हायची होती. चुकांची वही तिने मुंब्र्याला जाताना बरोबर नेली होती, म्हणून ती वाचली. त्याच वहीवरून मग उजळणी चालू झाली.

वाचकहो, आपल्या समाजात वकिली नवी नाही. मुंबईत बॅरिस्टर म्हणून उभे राहिलेले पहिले हिंदी गृहस्थ बद्रुद्दीन तय्यबजी होते, आणि १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या त्या केरळच्या फातिमा बीवी. पण इतकी मोठी नावे सांगून मुलांचा अभ्यास होत नाही. त्यांना घरात दोन तास शांतता लागते, एक मोबाइल लागतो आणि त्यांचे वाचलेले ऐकून घेणारे कोणी लागते. परीक्षेची तारीख सरकार ठरवते, कधी रोगराई ठरवते, कधी नदी. ते दोन तास मात्र आपल्याच घरात ठरतात.