वेग कळतो, कारण कळत नाही

अंधेरी-बोरिवलीच्या सकाळच्या लोकलमध्ये वर्तमानपत्राची घडी आता क्वचितच उलगडते. तिच्या जागी फोनवरचे शेअरभावांचे आलेख आले आहेत. घाटकोपर-मुलुंडच्या व्यापारी कुटुंबांना शेअरबाजार नवा नाही. नवा आहे तो पगारावर जगणारा आणि आलेख पाहून रोज खरेदी-विक्री करणारा शिक्षक व कारकून. त्याची भिस्त असते भावाचा वेग मोजणाऱ्या ‘मोमेंटम’ निर्देशकांवर. या निर्देशकांना नेमके काय कळते, हे तपासणे म्हणूनच अगत्याचे आहे.

त्यांपैकी विशेष लोकप्रिय असलेला ‘आर.एस.आय.’ अमेरिकेतील वेल्स वाइल्डर यांनी १९७८ साली मांडला. त्याचे गणित शाळकरी आहे. गेल्या १४ दिवसांच्या चढउतारात चढाचा वाटा शेकडा किती, एवढेच तो सांगतो. सरासरी वाढ ६ रुपये आणि सरासरी घट २ रुपये असेल, तर उत्तर ७५ येते. ७०च्या वर खरेदीचा अतिरेक, ३०च्या खाली विक्रीचा, असे मानण्याचा प्रघात आहे.

परंतु या गणितात भावाखेरीज दुसरे काहीही शिरत नाही. १९९२ साली सेन्सेक्सने जानेवारीत २०००, फेब्रुवारीअखेर ३००० आणि मार्चअखेर ४०००ची पातळी ओलांडली. २२ एप्रिलला तो ४४६७वर पोहोचला. अशा चढणीत अतिरेकाचा इशारा वारंवार मिळतो. तो मानून फेब्रुवारीत विकणारा पुढील तेजीला मुकला. तो झुगारून एप्रिलमध्ये घेणारा रोखे घोटाळा उघडकीस येताच बुडाला. बँकांचा पैसा गैरमार्गाने बाजारात येत होता, ही गोष्ट आलेखावर कोठेच उमटली नव्हती. तापमापक ताप किती ते सांगतो. तो मलेरियाचा की विषमज्वराचा, हे सांगत नाही.

याचा अर्थ भावाच्या वेगाला काहीच महत्त्व नाही, असा नव्हे. काही महिने वाढलेले शेअर पुढील काही महिने सरस ठरतात, असे जेगदीश आणि टिटमन यांनी १९९३ साली अमेरिकी बाजाराबाबत दाखवून दिले. मात्र तो निष्कर्ष अनेक शेअरांच्या समूहाचा आणि महिन्यांच्या मुदतीचा होता; एका शेअरच्या पाच मिनिटांचा नव्हे.

सेबीच्या २०२४च्या अहवालानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शनचे व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. हे सारेच निर्देशकांवर विसंबले होते, असे कोणी म्हणणार नाही. पण जो आलेख प्रत्येकाच्या फोनवर फुकट दिसतो, तो एकट्या आपल्यालाच नफा कसा देईल, हा प्रश्न उरतोच.

तेव्हा शेअर घेण्यापूर्वी ‘भाव किती वेगाने वाढतो आहे’ याच्या जोडीला ‘तो का वाढतो आहे’ हेही विचारावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नसेल, तर ती गुंतवणूक नव्हे, सट्टा आहे. आणि भविष्यनिर्वाह निधीची किंवा मुलांच्या शिक्षणाची रक्कम सट्ट्यासाठी नसते.