जुना रेडिओ टाकू नका

सासवडला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. हल्ली मिक्सर आणि रिमोटच जास्त येतात, पण शेतकऱ्यांचे ट्रान्झिस्टर अजून येतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "डिजिटल आलं म्हणे, मग हा आता भंगारात घालायचा का?" तर नाही.

मीडियम वेव्हवर आवाजाच्या चढउतारानुसार रेडिओलहरीची उंची कमीजास्त होते. वीज कडाडली किंवा जवळची मोटर सुरू झाली, की तिचा धक्काही त्याच उंचीत मिसळतो. आवाज कोणता नि अडथळा कोणता, हे सेटला कळत नाही. खरखर येते ती त्यामुळे.

आकाशवाणीने निवडलेल्या डीआरएम या डिजिटल पद्धतीत आवाज आधी आकड्यांत बदलतात. हे आकडे दोनशेच्या आसपास बारीक लहरींवर वाटून पाठवतात, सोबत चुका सुधारण्यासाठी जादा आकडेही. वाटेत काही बिघडले, तरी सेट हिशेब जुळवून मूळ आकडे मिळवतो. म्हणून आवाज स्वच्छ येतो. शिवाय पडद्यावर बातम्यांच्या ओळी आणि आपत्तीचा इशाराही देता येतो. मात्र सिग्नल फारच कमजोर झाला, तर आवाज हळूहळू विरत नाही, एकदम तुटतो.

दोन्ही प्रक्षेपणं एकाच ट्रान्समीटरवरून, एकाच मनोऱ्यावरून होऊ शकतात. आपल्याकडे मीडियम वेव्हच्या दोन वाहिन्यांत ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं. एका पट्टीत जुनं प्रक्षेपण आणि लगतच्या पट्टीत डिजिटल, अशी मांडणी करतात. जुन्या सेटवर स्टेशन पूर्वीसारखंच लागतं. काटा जरा सरकला, तर नुसता 'सूंऽऽ' असा आवाज येतो. तो सेटचा बिघाड नव्हे, डिजिटल आकड्यांचा आवाज आहे.

आकाशवाणीचे तीसहून अधिक मीडियम वेव्ह ट्रान्समीटर डिजिटल प्रक्षेपण करू शकतील असे आहेत. पूर्ण डिजिटल केल्यास विजेचीही मोठी बचत होते. अडलं आहे ते ऐकणाऱ्याच्या सेटपाशी. मारुती, ह्युंदाईच्या अनेक गाड्यांत हे रेडिओ आले, पण बांधावर नेता येईल असा स्वस्त सेट माझ्या गिऱ्हाइकाला मिळत नाही. एफएमला डोंगर आडवा येतो, मीडियम वेव्ह जमिनीलगत दूरवर जाते. तिच्यावरच विसंबलेल्या माणसाला परवडेल असा सेट बाजारात येईपर्यंत जुनं प्रक्षेपण बंद करू नये, आणि सरकारने व कारखानदारांनी तो सेट लवकर आणावा.