गोष्टीतली अडचण, पुठ्ठ्यातला तोडगा

अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात ‘नॉव्हेल इंजिनिअरिंग’ ही पद्धत विकसित झाली. मुले गोष्ट वाचतात, पात्राची अडचण हेरतात आणि पुठ्ठा, दोरा, चिकटपट्टी वापरून तोडगा बनवतात. एझ्रा जॅक कीट्स यांच्या ‘द स्नोई डे’ (१९६२) या पुस्तकातला छोटा पीटर उद्यासाठी म्हणून बर्फाचा गोळा खिशात ठेवतो आणि उबदार घरात तो वितळून जातो. गोळा टिकवणारे साधन करायचे, तर तो किती वेळ टिकायला हवा, घरात आल्यावर पीटर काय काय करतो, हे पुन्हा पुस्तकातच शोधावे लागते. मूल आपणहून मागचे पान उलटते. आकलनाच्या ठरावीक प्रश्नांनी हे क्वचितच साधते.

हस्तकलेत वाचनाचा तास बुडतो, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याचे मूळ ढिसाळ आखणीत आहे. प्रत्येक निर्णयाला मजकुरातला आधार मागितला, साधनाच्या चाचणीनंतर केलेल्या बदलाचे कारण लिहून घेतले, तर तास भाषेचाच राहतो. मात्र सरसकट सगळ्या गोष्टींना हे लावू नये. गोष्ट आजी गेल्याची असेल, तर त्या दुःखावर साधन बनवायला सांगणे हा गोष्टीवर अन्यायच. तिथे वाचावे आणि मुलांना बोलू द्यावे.